लिंबोणीच्या पानाचा फोटो नको, बुडाचा दाखवा



आठ दिवसांत तिघांनी पिवळ्या पानाचा फोटो पाठवून विचारलं, "लिंबोणी वाळाय लागलीय, काय मारू?" माझं उत्तर एकच. आधी काही मारू नका. खोरं घ्या आणि बुडाची माती बाजूला करून बघा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या परड्यात आईनं लावलेल्या दोन लिंबोण्या होत्या, वीस-बावीस वर्षांच्या. आटपाडीकडचा दुष्काळ त्यांनी भांडी धुतलेल्या पाण्यावर काढला. पुढं टेंभूचं पाणी शिवारात आलं. कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलून आमच्यापर्यंत आलं, मग आम्हीही हात सैल सोडला. आठवड्यातून दोनदा आळं तुडुंब. ओट्याच्या कामातून निघालेली मातीही बुंध्याला वीतभर लावली, म्हटलं झाडाला आधार होईल.

दोन वर्षांत एकीची पानं पिवळी पडली, शेंडे वाळले. दुकानात पान दाखवलं, नत्र कमी आहे म्हणाले. मी युरिया टाकला, वरून पाणी सोडलं. महिन्याभरात झाड गेलं. उपटलं तर मुळाची साल हातात निघून येत होती आणि कुजका वास. आई एवढंच बोलली, "दुष्काळात जगलं आन् पाण्यात मेलं." चूक दुकानदाराची कमी, माझी जास्त. मी त्याला पानच दाखवलं होतं.

पान खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतं. जुनी पानं सगळी फिक्की पडली तर नत्राची शंका घ्या. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. आपल्या चुनखडीच्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही, ते फवारणीतून द्यावं लागतं. पण मधली शीरच पिवळी आणि जमीन ओली असून पान मलूल असेल, तर दुखणं मुळात नाहीतर बुडाच्या सालीत आहे. सालीतून डिंक येत असेल तर तो डिंक्या. त्याची फायटोप्थोरा बुरशी सतत ओल्या मातीत वाढते.

दुसऱ्या लिंबोणीलाही तीच लक्षणं दिसली, तेव्हा खत बंद केलं. पहिल्या जाड मुळ्या उघड्या दिसेपर्यंत बुडाची माती काढली. कुजलेली साल चाकूनं जिवंत सालीपर्यंत खरवडली आणि दोन दिवस वाळू दिली. मग बोर्डो पेस्ट लावली. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. स्वच्छ विळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी हवा. बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावायची, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

वाळलेल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत छाटल्या. आळं दुहेरी केलं. आतल्या कड्यात पाणी शिरत नाही, बुंधा कोरडा राहतो, पाणी बाहेरच्या कड्यात. वीतभर खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर त्या दिवशी पाणी नाही. नवी फूट आल्यावरच कुजलेलं शेणखत दिलं, तेही बुंध्यापासून लांब. मुळं कुजलेल्या झाडाला खत म्हणजे ताप आलेल्या माणसाला श्रीखंड-पुरी.

मृगाच्या पावसानंतर फूट दिसली. लोणच्यापुरती लिंबं यायला दोन वर्षं लागली. प्रत्येक झाड वाचतं असं मी म्हणणार नाही. बुंध्याभोवती चौफेर साल मेली असेल तर खर्च करू नका, दुसऱ्या जागी नवं रोप लावा.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या दुष्काळी पट्ट्यात आता जुनी झाडं तहानेनं कमी आणि आपल्या लाडानं जास्त मरतात. पाणी द्यायला आपण शिकलो, थांबवायला अजून शिकायचंय. कृषी सहाय्यकालाही झाडापर्यंत न्या, नुसतं पान नेऊ नका.

आणि मला फोटो टाकायचाच असेल तर माती काढून बुडाचा टाका. मग बोलू.