सिस्टर नीट का बोलत नाही?

वस्तीतला माणूस सिव्हिलमधून घरी आला की एक तक्रार ठरलेली असते: "सिस्टर नीट बोलतच नव्हती." तक्रार खोटी नसते. पण तिचं कारण त्या बाईच्या स्वभावात शोधू नका. मी वर्षानुवर्षं जनरल वॉर्डात ड्युटी केली आहे, म्हणून सांगते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत ५ मागे १, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. तुम्ही रात्री कुठल्याही सरकारी वॉर्डात जा. खाटा मोजा, खालच्या गाद्या मोजा, मग सिस्टर मोजा. सोलापूरच्या सिव्हिलला धाराशिवपासून विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे पेशंट येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांतल्या हाकेला ओ देणारी एकच. औषध बाहेरून आणायला सांगितलं की शिव्याही तिलाच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. कामाचा ताण वर्षानुवर्षं हटलाच नाही की तीन गोष्टी होतात. झोपूनही थकवा जात नाही, माणसांबद्दल कोरडेपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. तुम्हाला दिसतो तो यातला फक्त कोरडेपणा.

याची किंमत पेशंटही मोजतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. म्हणजे सिस्टर कमी असणं हा आपल्या जिवाचा प्रश्न आहे, तिच्या एकटीचा नाही.

आणि काही बिघडलं की सापडते तीच. नगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ ला अतिदक्षता विभाग पेटला, किमान ११ रुग्ण गेले. अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. वॉर्डातली वायरिंग काय सिस्टर करते? २०२२ च्या मे महिन्यात कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा "पेशंटचे हाल" एवढीच ओरड झाली.

आपल्या मुलींना आणखी एक ओझं असतं. हात लावू देण्याआधी आडनाव विचारणारे पेशंट मी पाहिलेत. बेडपॅनची वेळ आली की कोणाचं नाव पुकारलं जातं तेही पाहिलंय.

"सेवाभाव" हा शब्द मला आता नकोसा झालाय. तो पगार मागताना ऐकवतात. तथागतांनी आजारी, मळात लोळणाऱ्या भिक्खूला आनंदाबरोबर स्वतः धुतलं, हे आपण विहारात ऐकतो. त्यापुढचं कमी सांगितलं जातं: आजाऱ्याची काळजी त्यांनी साऱ्या संघावर टाकली, आणि टाळणाऱ्याला दोषी ठरवलं. एकाच माणसावर सगळं ढकलायला त्यांनी सांगितलं नव्हतं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. खासगी दवाखान्यात आजही आपल्या पोरी डबल ड्युटी करतात, तीही जादा पैशाशिवाय.

म्हणून विड्या वळून मुलीला जीएनएम केलेल्या आयांना माझं सांगणं आहे. नोकरी धरताना नेमणूकपत्र, ड्युटीचे तास आणि साप्ताहिक सुट्टी लेखी घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगाराची शिफारस केली आहे. तो आकडा मुलीला पाठ असू द्या. रात्रपाळी करून आलेल्या लेकीला किंवा सुनेला दुपारपर्यंत झोपू द्या, पाणी भरायला उठवू नका. वॉर्डात पेशंटजवळ एकानेच थांबा. सिस्टर कमी दिसल्या तर तिच्याशी भांडण्याऐवजी अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार द्या, आणि रिक्त जागा किती ते माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज लिहायला मी येते.

आणि वर्षावासात एक रविवार विहारात नर्स मुलींसाठी ठेवा. त्या दिवशी खिचडी मात्र दुसऱ्या कोणी तरी करा.