आर.सी. आपल्या नावावर, तर हॉर्नही आपल्याच नावावर



आज स्वयंपाकघराबाहेरचा विषय घेते आहे. ट्रकला वेगळा विकत आणून बसवतात त्या मोठ्या एअर हॉर्नचा. "हा तर पुरुषांचा विषय, यात आपण काय बोलायचं?" असं मनात आलं असेल, तर आधी घरातल्या गाडीची आर.सी. काढून बघा.

महाड-पोलादपूरकडे आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत एखादा ट्रक नाहीतर टेम्पो आहे. कुणाचं सिमेंट-लोखंडाचं दुकान, कुणाचा घाऊक किराणा, कुणाची गाडी एमआयडीसीत भाड्याने लावलेली. यातल्या कितीतरी गाड्या कर्जाच्या किंवा आयकराच्या सोयीसाठी आईच्या, बायकोच्या नाहीतर सुनेच्या नावावर असतात. दाखवतील तिथे आपण सही करतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. म्हणूनच हा विषय आपला आहे.

नवी गाडी आली की आपण ओवाळतो, नारळ फोडतो, स्टिअरिंगला कुंकू लावतो. त्यानंतर दोन-चार दिवसांत गाडी जाते ॲक्सेसरीच्या दुकानात. दुकानदार एकेक हॉर्न वाजवून दाखवतो. लांब भोंग्याचा घोगरा, आखूड भोंग्याचा कर्कश, दोन-तीन भोंगे एकत्र लावलेला, सूर बदलत वाजणारा. घरातला मुलगा आणि ड्रायव्हर मिळून त्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा निवडतात. गाडी दारात उभी राहते, तो एकदा जोरात वाजवला जातो, शेजारची पोरं टाळ्या वाजवतात. आपणही कौतुकाने हसतो. या कौतुकालाच माझा विरोध आहे.

आधी कायदा बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ सांगतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न, किंवा अति कर्कश, अति मोठा, घाबरवून सोडणारा आवाज काढणारं कुठलंही साधन गाडीला बसवायचं नाही. नियमात शब्द 'बसवणं' हा आहे, म्हणजे वाजवला नाही तरी नियम मोडलाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये आवाजाची मर्यादा मोडणाऱ्या गाडीसाठी पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि हे कलम फक्त चालवणाऱ्याला लागू नाही. गाडी चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, दोघेही त्यात येतात. आर.सी. ज्या बाईच्या नावावर, ती 'चालवू देणारी' ठरू शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-एफ आलं. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १,००० आणि पुढे दर वेळी २,००० रुपये.

मी कॉमर्सची, त्यामुळे वहीची आणखी एक गोष्ट सांगते. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजा होत नाही. कायद्याने मनाई केलेल्या कामावरचा खर्चही होत नाही. तेव्हा 'गाडीचा किरकोळ खर्च' या खात्यात तो हॉर्न बिनबोभाट लिहून टाकणारी वही चुकीची आहे.

आता धर्माकडे येते, कारण कायद्याला पोलीस लागतो आणि आपल्या व्रतांना लागत नाही.

पंधरा कर्मादानांत भाडीकर्म येतं, हे प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. वाहन भाड्याने चालवून पोट भरणं हा धंदा मुळातच जपून करायचा. तो बंद करा असं मी म्हणत नाही. संसार आहे, हप्ते आहेत, आणि उद्योगात काही हिंसा होणारच, हे आपल्या आचार्यांनीही गृहस्थासाठी समजून घेतलं आहे. पण आठवं व्रत कशाचं आहे? अनर्थदंड विरमणाचं. ज्या हिंसेवाचून आपलं काही अडत नाही ती करायची नाही. माल पोचवायला डिझेल जळतं, ते गरजेपोटी. माल पोचवायला शंभर माणसांच्या छातीत धस्स व्हावं लागत नाही.

या व्रताचे अतिचार आठवून बघा. त्यात मौखर्य आहे, म्हणजे गरज नसताना तोंड चालवणं. आणि संयुक्ताधिकरण आहे, म्हणजे हिंसेच्या साधनाचे सुटे भाग जोडून ते वापरायला तयार ठेवणं. उखळाजवळ मुसळ, गाडीला जू, धनुष्याला बाण अशी उदाहरणं आपण पाठशाळेत ऐकली आहेत. जोडून ठेवलेलं साधन हाताशी आलं की वापरलं जातंच, म्हणून जोडणंच टाळायला सांगितलं. भोंगा, नळी, व्हॉल्व्ह आणि बटण जोडून गाडीवर चढवणं हे आजचं संयुक्ताधिकरण नाही तर दुसरं काय? व्रत घेताना आपण 'करणार नाही' एवढंच म्हणत नाही, 'करवणार नाही' हेही म्हणतो. बटण ड्रायव्हर दाबतो, पण ज्या घराने बिल भरलं ते घर करवणारं आहे.

बोलताना वायुकायाच्या जीवांना इजा होऊ नये म्हणून आपण तोंडापुढे मुहपत्ती धरतो. चातुर्मासात कंदमूळ सोडतो, पाणी उकळून पितो. तेवढ्यात आपल्याच घरची गाडी दाबलेली हवा भोंग्यातून सोडत गावातून जाते. ही विसंगती पाठशाळेतल्या लहान मुलालाही कळेल.

यावर घरात जी उत्तरं मिळतात ती मला माहीत आहेत. एकेकाचा समाचार घेते.

पहिलं उत्तर, "आपल्याकडे घाट आहेत. कशेडी, आंबेनळी, वरंध. वळणावर हॉर्न लागतोच." लागतोच, मान्य. आंधळ्या वळणावर एकदा थोडक्यात हॉर्न देणं ही सूचना आहे, आणि ती द्यायलाच हवी. पण त्यासाठी कंपनीने बसवून दिलेला, मान्यता असलेला हॉर्न आहे. त्याची परीक्षा होऊनच गाडी कारखान्याबाहेर पडते. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हाही नियमच आहे. ज्याला थांबायचं आहे त्याला मोठा भोंगा लागत नाही. तो लागतो ज्याला वेग सोडायचा नाही त्याला. वाटेतल्यांनी बाजूला व्हावं, मी ब्रेक मारणार नाही, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. पहिल्या व्रताच्या अतिचारांत अतिभार आहे, म्हणजे मुक्या जनावरावर झेपणार नाही इतकं ओझं लादणं. आज बैलाच्या जागी ट्रक आला. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी उतारावर लवकर थांबत नाही, मग ब्रेकचं काम हॉर्नकडून करून घेतात.

ब्रेकवरून आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि त्याच हवेने ब्रेक लागतात. बाहेरून बसवलेला एअर हॉर्नही हवा तिथूनच घेतो. गाडी बनवणारे ब्रेकची हवा आणि इतर कामांची हवा वेगळी राखतात. रस्त्याकडेचा फिटर मात्र हाताला सोपी पडेल तिथे नळी जोडून मोकळा होतो. जोड सैल राहिला तर हवा गळते. कशेडीच्या उतारावर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबतो, प्रत्येक दाबाला हवा खर्च होते, आणि तिथेच प्रेशरचा काटा खाली आला तर काय होईल हे मी सांगायला नको. रात्रभर उभ्या गाडीचा काटा सकाळी फार उतरलेला दिसत असेल तर आधी ती जोडलेली नळी तपासायला सांगा.

दुसरं उत्तर, "एवढ्याशा आवाजाने काय होतं?" इथे थोडा हिशोब करू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरजेचं नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. मोठा एअर हॉर्न जवळून ११० च्या पुढे सहज जातो. समजा दोन मीटरवर तो ११५ आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ कमी होतात. चार मीटरवर १०९, आठवर १०३, सोळावर ९७, बत्तीसवर ९१, चौसष्टवर ८५. म्हणजे रस्त्यापासून चौसष्ट मीटर आत झोपलेल्या बाळंतिणीच्या खिडकीवर रात्रीच्या मर्यादेपेक्षा ४० डेसिबल जास्त आवाज येतो. चाळीस म्हणजे चार वेळा दहाने गुणायचं, दहा हजार पट. मुदत ठेवीचं व्याज तोंडी काढणाऱ्या बायका आपण, हा गुणाकार आपल्याला अवघड नाही.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळात राहत्या वस्तीत, अपवादाचा प्रसंग सोडून, हॉर्न वाजवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितलं आहे. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तीही याच कारणाने.

तिसरं उत्तर, "ड्रायव्हर ऐकत नाही. हॉर्न नसेल तर दुसऱ्याची गाडी धरतो." सर्वांत आधी कान जातात ते त्याचेच. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी, असा हिशोब कानाच्या बचावासाठी धरतात. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. दिवसभर डोक्याजवळच्या भोंग्याचं बटण दाबणारा माणूस पन्नाशीत बायकोचं बोलणं ऐकू शकेल का? त्याला भोंगा देण्याऐवजी चांगले आरसे, चालू असलेले दिवे, नवे ब्रेक लायनर आणि वेळेवर झोप द्या. हे सगळं देणारा मालक ड्रायव्हर सोडत नाही.

आणि आता जे मला सर्वांत जास्त लागतं ते. पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर याच महामार्गाच्या कडेने आपल्या साध्वीजी महाराज साहेब विहार करतात. अनवाणी, नजर चार हात पुढच्या जमिनीवर, ईर्यासमिती पाळत. मागून एकदम तो भोंगा वाजला की माणूस दचकतो आणि पाय कुठे पडेल यावर त्याचा ताबा राहत नाही. एक पाऊल आत पडलं तरी पुरे. विहारात अपघात झाल्याची बातमी आली की आपण हळहळतो, सभा घेतो, सरकारला निवेदन देतो. तो हॉर्न कुणी विकत घेतला होता, हे मात्र कुणी विचारत नाही. साध्वीजी पायाखालची मुंगी सांभाळत चालतात. आपल्या गाडीने समोरचा माणूस सांभाळून चालायला काय हरकत आहे?

साध्वीजींसारखीच डोक्यावर हंडा घेतलेली बाई, शाळेची मुलं, बुजणारी गुरं याच कडेने चालतात. सार्वजनिक तळं सगळ्यांचं असतं, हे १९२७ साली चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच महाडात सगळ्या देशाला दाखवून दिलं. रस्ताही तसाच सगळ्यांचा आहे. ज्याची गाडी मोठी त्याने बाकीच्यांना हाकलायचं, हा हक्क कुणी दिला?

तेव्हा बहिणींनो, माझं मागणं अगदी छोटं आहे. पर्युषणाआधी आपण नियम घेतोच. या वर्षी एक नियम गाडीचा घ्या. आर.सी. काढून नाव बघा. बाहेरून बसवलेला हॉर्न असेल तर तो काढून घ्या. नुसती वायर तोडून भागणार नाही. हवेची नळी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नीट बंद करून घ्या आणि त्याची पावती फाइलला लावा. नवी गाडी येणार असेल तर सही करण्याआधी सांगा, हॉर्न कंपनीचाच राहील. घरात कुणी हसलं तर हसू द्या. सही आपली आहे, तोवर शब्दही आपला चालला पाहिजे.

संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारातून निघताना तोच भोंगा वाजणार असेल, तर ती क्षमा कुणाला ऐकू जाणार आहे?