साडेआठशे किलोचा अंगठा

इंजिनिअरिंगला आल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय मिळतं? डिग्री नाही, नोकरी तर नाहीच नाही. मिळते ती पाठदुखी! फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर ओणवं होऊन, सेकंड इयरला रात्रभर जर्नल उतरवून आणि आता थर्ड इयरला लॅपटॉपपुढे मान घालून. सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावा. एक जण पालथा पडलेला असतो आणि दुसरा त्याच्या पाठीत कोपर रुतवत असतो. "हां, इथेच... गाठ आहे बघ तिथे!"

या 'गाठी'विषयी मला थोडं बोलायचंय. कारण हाताने दाबून शरीर सरळ करायचं, म्हणजे दुखणं जातं, या कल्पनेवर अमेरिकेत एक आख्खी उपचारपद्धती उभी राहिली आहे. तिचं नाव रॉल्फिंग. आणि सध्या ती आमच्या घरात शिरली आहे.

झालं असं, की सॅन होजेला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीची मान दोन वर्षं दुखत होती. तिने रॉल्फिंगची दहा सिटिंग्ज घेतली, एकेका सिटिंगला शंभराच्या वर डॉलर मोजून, आणि मान थांबली. आता ताईचा हट्ट आहे, "मामी, तू मे महिन्यात इकडे ये, तुझीही दहा सिटिंग्ज करून देते." आई बँकेत आहे, काउंटरवर बसून बसून चार वर्षांपासून तिची कंबर धरते. ताईने व्हिडिओ कॉलवर तिला बाजूने उभं करून पाहिलं आणि निदान केलं, "तुझं पेल्विस पुढे झुकलंय, सगळा लोड चुकीच्या जागी जातोय." त्या दिवसापासून आईने संध्याकाळचं फिरणं बंद केलं. म्हणते, "आधी सरळ होऊ दे, मग चालेन."

ताईचं मन मोठं आहे यात शंकाच नाही. पण हे 'मग चालेन' मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी रॉल्फिंग म्हणजे काय ते बघू. आयडा रॉल्फ (१८९६-१९७९) या न्यूयॉर्कच्या बाई. वडील सिव्हिल इंजिनिअर, धक्के बांधणारे. ज्या काळात मुलींनी कॉलेजात जाणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात, १९२० साली, बाईंनी कोलंबिया युनिव्हर्सिटीतून बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. केली आणि रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन केलं. योगही शिकल्या. पुढे त्यांनी स्वतःची पद्धत बसवली, तिला नाव दिलं 'स्ट्रक्चरल इंटिग्रेशन'. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात इसालेन नावाच्या ठिकाणी त्या शिकवू लागल्या आणि लोकांनी त्यांच्या आडनावावरून तिला 'रॉल्फिंग' करून टाकलं. १९७१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला त्यांची संस्था निघाली.

बाईंचा विचार ऐकलात तर कुठल्याही इंजिनिअरला तो आवडेल. त्या म्हणत, शरीर म्हणजे एकावर एक ठेवलेले ठोकळे: डोकं, छाती, पेल्विस, पाय. ठोकळे एका उभ्या रेषेत असले तर गुरुत्वाकर्षण शरीराला आधार देतं, एखादा ठोकळा सरकला की तेच गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत राहतं. मग हे ठोकळे धरून कोण ठेवतं? फॅशिया. चिकन साफ करताना मांसावर जो पांढरट, चिवट पापुद्रा दिसतो तो. (शाकाहारी मंडळींनी मोसंबी सोलून बघावी. फोडींभोवतीचं पांढरं साधारण तसंच.) कोलॅजनचं हे जाळं स्नायूंना गुंडाळून डोक्यापासून तळपायापर्यंत पसरलेलं असतं. तंबू कसा, नुसत्या बांबूवर उभा राहत नाही, दोरांच्या ताणावर राहतो, तसं. दोर आखडले की तंबू कलला. तेव्हा बोटांनी, मुठीने, कोपराने दाबून दोर सैल करायचे. त्यासाठी दहा सिटिंग्ज: पहिल्या तीन वरवरच्या थरांसाठी, पुढच्या चार खोल थरांसाठी आणि शेवटच्या तीन सगळं एकत्र जुळवण्यासाठी.

शरीराकडे 'लोड कुठून येतो आणि कुठे जातो' असं बघणं मला मनापासून आवडलं. डॉक्टरकडे गेलं की दुखतं तिथेच बघतात, या बाई पायापासून मानेपर्यंत हात फिरवून बघतात. त्याचं कौतुक करायलाच हवं.

पण प्रश्न चांगला आहे म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. आपल्याला एसओएमच्या पेपरात असं कुणी सोडतं का? आकडा काढून दाखवावा लागतो. आणि गंमत म्हणजे तो आकडा काढला गेलाय. २००८ साली हान्स चौधरी आणि सहकाऱ्यांनी एका ऑस्टिओपॅथी जर्नलमध्ये फॅशियाचं थ्री-डायमेन्शनल मॉडेल मांडलं. प्रश्न अगदी आपल्या ट्युटोरियलसारखा होता: फॅशियात फक्त एक टक्का कॉम्प्रेशन आणि एक टक्का शिअर आणायचा तर हाताने किती जोर लावावा लागेल? तळपायाच्या फॅशियासाठी उत्तर आलं, खाली दाबणारा जोर साडेआठशे किलोच्या आसपास. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या फॅशियाला नऊशेच्याही वर. शिवाय आडवा जोर वेगळाच! म्हणजे ताईच्या थेरपिस्टला अंगठ्याखाली आख्खी मारुती ८०० ठेवली असती तरी भागलं नसतं. नाकाजवळच्या मऊ फॅशियाचा आकार तेवढा हाताने बदलू शकेल, असं ते मॉडेल सांगतं. पण नाकासाठी कोण जातं?

मला सगळ्यात जास्त भावलं ते पुढचं. या पेपरच्या लेखकांत रॉबर्ट श्लाइप आणि थॉमस फिंडली होते, आणि ते दोघेही स्वतः रॉल्फिंग करणारे. स्वतःच्या धंद्यावर स्वतःच कॅल्क्युलेटर चालवायला हिंमत लागते.

मग थेरपिस्टच्या हाताला 'काहीतरी वितळलं' असं जाणवतं ते काय? रॉल्फबाईंचं म्हणणं, दाबाने फॅशिया जेलची पातळ होते. टोमॅटो सॉसची बाटली हलवली की सॉस वाहायला लागतो, तसं. पण बाटली टेबलवर ठेवल्यावर काय होतं? सॉस पुन्हा घट्ट! दाब काढला की परिणामही गेला. त्याने शरीर कायमचं सरळ कसं होणार? श्लाइप यांनी २००३ मध्ये वेगळं स्पष्टीकरण पुढे केलं. फॅशियात भरपूर नर्व्ह एंडिंग्ज असतात. सावकाश, खोल दाबाने त्या जाग्या होतात, मेंदूपर्यंत निरोप जातो आणि स्नायूंचा ताण सैल पडतो. थोडक्यात काय, बदल मटेरियलमध्ये होत नाही, कंट्रोल सिस्टिममध्ये होतो.

हे मला जास्त पटतं, कारण यात ताई खोटी पडत नाही. तिची मान खरंच थांबली. कुणीतरी तासभर मन लावून हात फिरवला, श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं, ताई रोजच्या घाईतून बाहेर आली. शिवाय मानेचं दुखणं वाढतं-कमी होतं, आपण उपचाराला जातो ते नेमकं सगळ्यात जास्त दुखत असताना. नंतरचा उतार कुणाच्या खात्यावर टाकायचा?

म्हणूनच एका माणसाच्या अनुभवावर न थांबता तुलना करून बघावी लागते. २०१५ मध्ये अमेरिकेत एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी असलेले ४६ पेशंट, निम्म्यांना नेहमीची फिजिओथेरपी वगैरे, निम्म्यांना ते आणि शिवाय स्ट्रक्चरल इंटिग्रेशन. वीस आठवड्यांनी पाहिलं तर दुखण्यातला फरक स्टॅटिस्टिक्सच्या कसोटीला उतरला नाही, रोजची कामं करण्यातली अडचण मात्र रॉल्फिंगवाल्यांची थोडी जास्त कमी झाली. म्हणजे अगदीच शून्य नाही, पण चमत्कारही नाही. ऑस्ट्रेलियात सरकारने नैसर्गिक उपचारांचा आढावा घेतला आणि १ एप्रिल २०१९ पासून सोळा उपचारांना आरोग्य विम्याच्या सवलतीतून वगळलं. त्यांत रॉल्फिंग होतं. (त्यांत योगही होता, तेव्हा आपण लगेच टाळ्या पिटायला नकोत!)

आता मुद्दा 'सरळ'पणाचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असेंब्लीला सिस्टर ओळीतून फिरायच्या आणि खांद्याला फूटपट्टी लावून म्हणायच्या, "शोल्डर्स बॅक!" ताठ उभं राहणं म्हणजे शिस्त, हे डोक्यात पक्कं बसलं. पण ताठ म्हणजे निरोगी आणि वाकडं म्हणजे दुखणं, असं साधं समीकरण संशोधनात सापडत नाही. पोक काढून बसणारे कित्येक जण मजेत असतात आणि छडीसारखे ताठ लोक कंबर धरून बसतात. जास्त त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन् तास राहिल्याने. आपण बीम नाही आहोत. बीम लोडने थकतो, शरीर मात्र बेताच्या लोडने घट्ट होतं. हा फरक ठोकळ्यांच्या चित्रात कुठेच दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दुखण्याविषयी नीट माहिती देणं, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार, आणि हो, मसाजसुद्धा आहे. नको म्हटलेल्या गोष्टींत आहेत कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन. आपल्याकडे तर कंबर दुखली की पहिला पट्टाच येतो!

तेव्हा माझं मत असं. ताईने आईला मे महिन्यात जरूर बोलवावं. आईला कुणी तासभर प्रेमाने चेपून दिलं तर फारच छान, तिला आयुष्यात तेवढं कधी मिळालंय? पण 'तुझा सांगाडा बिघडलाय आणि तो दुसऱ्याच कुणीतरी दुरुस्त करायचाय' ही गोष्ट तिच्या डोक्यात घालू नये. अंगठ्याच्या दाबाने फॅशिया बदलत नाही, पण अशा एका वाक्याने माणूस चालायचा थांबतो, हे मी घरात बघतेय. (पायात बधिरपणा येणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं असं काही सोबत असेल तर मसाज वगैरे राहू द्या, सरळ डॉक्टर गाठा.)

आणि मित्रांनो, आपल्याकडेही पुण्या-मुंबईत 'डीप टिश्यू', 'मायोफेशियल रिलीज' अशा पाट्या लागल्यात. बरं वाटत असेल तर जरूर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कुणी म्हणालं की तुमची फॅशिया मोकळी करून तुम्हाला कायमचं सरळ करतो, तर नम्रपणे विचारा: सर, किती न्यूटन? उत्तर येईपर्यंत उठा, दोन मजले चढून या आणि मग पुढची शीट घ्या.