बाकीचे तीन पर्याय चूक का?

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास वाईतल्या आमच्या घराच्या ओसरीसमोर सात-आठ चपलांचे जोड गोळा होतात. मुलं आयटीआयची. व्यवसाय 'मेकॅनिक मोटर व्हेईकल', मुदत दोन वर्षं. मी निवृत्त माणूस; पस्तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. २०१७ साली शेजारच्या एका मुलाला परीक्षेपूर्वी चार गोष्टी समजावून सांगितल्या. त्यानं मित्र आणला, मित्रानं आणखी दोघे आणले आणि बघता बघता वर्ग सुरू झाला. फी नाही. सौ.चा चहा मात्र ठरलेला.

ही मुलं ज्या परीक्षेला बसतात तिचं नाव भारदस्त आहे : अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. तिच्यात प्रात्यक्षिक असतं, पण मुलांना धास्ती लेखीची. एक प्रश्न, चार पर्याय. पूर्वी कागदावरचं वर्तुळ काळं करायचं, आता संगणकावर टिचकी मारायची. उत्तीर्ण झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. त्या एका कागदावर शिकाऊ उमेदवारी, नोकरीचा अर्ज, कधी कधी बहिणीचं लग्नसुद्धा अवलंबून असतं. त्यामुळे 'परीक्षेला काय महत्त्व द्यायचं' असली वाक्यं मी या मुलांसमोर बोलत नाही. ती पोट भरलेल्यांनी बोलायची असतात.

पहिल्या वर्षी मी तेच केलं, जे आपण सगळेच आपल्या मुलांच्या बाबतीत करतो. बाजारातून अपेक्षित प्रश्नांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि घोकून घेतलं. चार सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर? १-३-४-२. डॉट ४ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनांक किमान किती? २३० अंश. मुलं पाढे म्हटल्यासारखी उत्तरं देत. सगळी पास झाली. घरोघरचे पेढे आमच्याकडे आले आणि मीही ते चवीनं खाल्ले.

त्यांतलाच एक मुलगा २०१९ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. आत येईना. तो एका गॅरेजात लागला होता. एका प्रवासी जीपच्या ब्रेकचं काम त्याच्याकडे आलं. फळीवर ब्रेक फ्लुइडचा अर्धा डबा होता, पावसाळ्याआधी फोडलेला, झाकण धड न लावलेला. त्यानं तोच ओतला. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना, ब्रेकवर पाय ठेवून ठेवून चाकं तापली आणि पेडल मऊ पडलं. पुढच्या वळणावर ते थेट तळाला गेलं. ड्रायव्हर जुना होता. त्यानं गिअर उतरवला, हँडब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासवून थांबवली. आत नऊ माणसं होती. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

"काका," तो म्हणाला, "तो प्रश्न मला आला होता. दोनशे तीस. मी बरोबर सोडवला होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्याची होती, पण शिकवणी माझी होती. २३० हा आकडा मी त्याला दिला होता; तो कोरड्या, नव्या फ्लुइडचा आहे हे सांगितलं नव्हतं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. ओल शिरलेल्या त्याच डॉट ४ चा किमान उत्कलनांक १५५ धरला जातो. घाटात चाकाजवळची उष्णता तिथवर पोचली की नळीत वाफ धरते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, वाफेतच जिरतो. हँडब्रेकची केबल स्वतंत्र, म्हणून त्या दिवशी नऊ घरं वाचली. एवढं समजायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी वाचवली होती, कारण परीक्षेत तेवढं विचारत नाहीत.

मग घोकंपट्टी वाईट आणि हातचं काम तेवढं खरं, असं म्हणावं का? तसंही नाही. माझ्या सध्याच्या वर्गात एक मुलगा आहे. मामाच्या गॅरेजात वाढलेला. डोळे मिटून आवाजावरून कुठला टॅपेट ढिला आहे ते सांगतो. सरावाच्या एका प्रश्नात ब्रेकमध्ये कोणता द्रव वापरतात असं विचारलं होतं. या पठ्ठ्यानं 'खनिज तेल' निवडलं. का रे बाबा? तर म्हणे, "आम्ही ब्रेक ऑइलच म्हणतो ना!" गॅरेजात स्टार्टर मोटरला 'सेल्फ' म्हणतात, लीफ स्प्रिंगला 'पाटा' म्हणतात, त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण इथे शब्दानं घात होऊ शकतो. अशा ब्रेकमध्ये खरोखरच कुणी इंजिनाचं तेल ओतलं, तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. म्हणजे पुस्तकातला शब्द केवळ गुणांसाठी नाही. हातात कसब असलेल्या मुलाला त्याची गरज आहे, तशी पाठांतर केलेल्या मुलाला पान्याची आहे.

हे कळल्यापासून ओसरीवरची रीत बदलली. आधी वस्तू हातात द्यायची, मग तिचं गॅरेजातलं नाव, मग पुस्तकातलं नाव आणि शेवटी प्रश्न. आकडा मोजल्याशिवाय पाठ करायचा नाही. फिलर गेजचं पातं टॅपेटखालून किंचित अडखळत सरकतं, ते बोटांना कळलं की आकडा आपोआप लक्षात राहतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बरोबर पर्याय सांगून सुटका नाही. बाकीचे तीन चूक का, तेही सांगायचं. पहिले काही रविवार मुलं वैतागतात. "काका, एवढ्या वेळात पन्नास प्रश्न झाले असते," म्हणतात. नंतर त्यांच्याच ध्यानात येतं की प्रश्न फिरवून आला तरी आता घाम फुटत नाही. पूर्वीइतकीच मुलं आताही पास होतात. वेळ जास्त लागतो, हे मात्र खरं.

पर्यायी प्रश्नांची पद्धत मोडीत काढा, असं माझं म्हणणं नाही. देशभर एकच मोजपट्टी लावायची तर तिची सोय आहे. तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. पण 'किती' विचारणाऱ्या प्रश्नांशेजारी 'का' आणि 'असं झालं तर काय कराल' हे विचारणारे प्रश्न भरपूर असायला काय हरकत आहे? चार पर्यायांतही ते विचारता येतात. भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि गाड्यांत सेन्सर वाढले. पडद्यावर दिसणारा दोषाचा सांकेतिक क्रमांक कुणीही वाचेल. तो का आला, हे ओळखणाराच खरा मेकॅनिक.

आणि थोडं आपल्याकडे वळून. दहावीला गुण कमी पडले की 'घाला आयटीआयला' असं आपण किती सहज म्हणतो! हाताला काळं लागणाऱ्या शिक्षणात डोकं लागत नाही, अशी आपली पिढीजात समजूत. मात्र सुट्टीत महाबळेश्वरला निघताना बायकामुलांना ज्या गाडीत बसवतो, तिच्या ब्रेकवर शेवटचा हात त्याच 'कमी गुणांच्या' मुलाचा असतो. त्याच्या अभ्यासाची काळजी केवळ त्याच्या आईबापांनी का करायची? गॅरेजमालकांनी परीक्षेच्या महिन्यात त्याला संध्याकाळचा एक तास सोडावा. माझ्यासारख्या निवृत्तांनी ओसरी उघडावी. प्रत्येक तालुक्याच्या गावात जुने फोरमन, निवृत्त शिल्प निदेशक आहेत. दुपारच्या झोपेतून त्यांना उठवायचा अवकाश.

पायरीवर बसलेला तो मुलगा आता पक्का मेकॅनिक झाला आहे. सवड मिळाली की रविवारी येतो. गेल्या रविवारी त्यानंच वर्ग घेतला. माझ्या जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची होती. हे काम एकट्याचं नव्हे. पाठांतरात पटाईत असलेला एक मुलगा ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि मामाच्या गॅरेजातला चाकाशी वाकला. "कुठल्या चाकापासून?" "मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या." "का?" उत्तर यायला जरा वेळ लागला, पण आलं.

मग आतून पेडल मारल्याचा आवाज, बाहेरून "धर... धरून ठेव... सोड." नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले, मग थांबले. फ्लुइडचा डबा नवा होता. काम संपल्यावर त्याचं झाकण कुणी घट्ट बसवलं, ते मी पाहिलं नाही. चहा आला तेव्हा ते बसलेलं होतं.