परवान्याआडचा पहारा

पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर आपण बंद केले, तरी त्याचे काही भाग संगणकात चालूच राहतात. पडद्यावर खूण नाही, सूचना नाही. परवाना तपासणारी ही छुपी प्रक्रिया कंपनीला काय कळवते, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. तो मुळात मालकीचा प्रश्न आहे.

२००६ सालचे उदाहरण बोलके आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज जेन्युइन अ‍ॅडव्हांटेज’ ही परवाना तपासणारी यंत्रणा विंडोज एक्सपीच्या ग्राहकांकडे धाडली, तीही सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्या वाटेने येतात त्याच वाटेने. जूनमध्ये उघडकीस आले की ही यंत्रणा दररोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधत होती. कंपनीला ते मान्य करावे लागले, अमेरिकेत ग्राहकांनी दावे गुदरले, आणि ती दैनंदिन विचारणा थांबली. पुढे २४ ऑगस्ट २००७ रोजी कंपनीच्याच सर्व्हरवरील मानवी चुकीमुळे रीतसर परवाना असलेल्या हजारो संगणकांवर नकलीचा शिक्का बसला. चूक मालकाची, आरोपी ग्राहक!

नक्कल रोखण्याचा हक्क कंपनीला नाही काय, असा सवाल केला जातो. तो हक्क मान्य केला, तरी लपवाछपवीचे समर्थन त्यातून होत नाही. घर भाड्याने दिले म्हणून घरमालकाला भाडेकरूच्या माजघरात गुपचूप पहारेकरी बसवता येत नाही. अनुवादाच्या कामानिमित्त असे करारनामे वाचण्याची वेळ प्रस्तुत लेखकावर येते. त्यांत ग्राहक हा खरेदीदार नव्हे, निव्वळ परवानाधारक असतो. आणि ‘माहिती गोळा केली जाऊ शकते’ अशा कर्मणी वाक्यांतून कर्ताच नाहीसा होतो. कोण, केव्हा, कोणती माहिती गोळा करणार, याचा पत्ता लागत नाही.

कामगार संघटनेच्या कचेरीतील संगणकावर सभासदांच्या याद्या असतात, वर्गणीचे हिशेब असतात. तेथे अदृश्य पाहुणा वावरत असेल, तर त्याची चौकशी करणे हे संघटनेचे कर्तव्यच ठरते.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट व माहितीपूर्ण हवी, आणि तिची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय हवी. परंतु हा कायदा व्यक्तिगत माहितीपुरता आहे. आपल्या यंत्रावर कोणती प्रक्रिया चालावी, हे ठरविण्याचा अधिकार तो देत नाही.

म्हणून मागणी स्वच्छ शब्दांत मांडली पाहिजे. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेचे नाव, हेतू आणि ती पाठवत असलेली माहिती ग्राहकाच्या भाषेत जाहीर व्हावी. ती बंद करण्याची सोय असावी. सरकारी कामासाठी खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्राचे २०१५ चे धोरण कागदावर राहू नये. केरळने शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर वापरून दाखविले आहे. जे शाळकरी मुलांना जमले, ते आपल्या कचेऱ्यांना अशक्य नाही.