गुरु-शनी युती आणि युरोपचा ताळेबंद

राष्ट्रांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या ज्योतिषशाखेला आपल्या परंपरेत ‘संहिता’ म्हणतात. अलीकडे ‘मेदिनीय ज्योतिष’ हे नाव अधिक रूढ झाले आहे. जातकात एका व्यक्तीची कुंडली पाहिली जाते, तर संहितेत पर्जन्यमान, धान्याची स्वस्ताई-महागाई, राजसत्तेचे स्थैर्य आणि प्रजेचे क्षेमकुशल पाहिले जाते. सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या ‘बृहत्संहिते’त गुरू आणि शनी यांच्या भ्रमणाच्या फलांवर स्वतंत्र अध्याय आहेत. त्याच ग्रंथातील कूर्मविभागात नक्षत्रांची वाटणी देशांवर केली आहे; मात्र ते देश भारतवर्षातील आहेत. युरोपची राशीनिहाय वाटणी पाहायची असेल, तर दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीकडे जावे लागते. त्याच्या मते ब्रिटन, गॉल आणि जर्मनी मेष राशीखाली, इटली सिंहेखाली, स्पेन धनूखाली आणि ग्रीस कन्येखाली येतो. टॉलेमीचे राशिचक्र सायन आहे, आपली पंचांगे निरयन आहेत, आणि आज या दोन पद्धतींत सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. प्रस्तुत लेखात सर्वत्र निरयन राशी घेतल्या आहेत.

या विषयाकडे वळण्याचे कारण वाचकांची पृच्छा हे आहे. कोणाचा मुलगा जर्मनीत शिकतो आहे, कोणाची कन्या आयर्लंडमध्ये नोकरी करते आहे. अँटवर्पच्या हिरेबाजारात तर आपल्या समाजातील कुटुंबे कित्येक दशकांपासून स्थिरावली आहेत. ‘शनी मीनेत आला, आता युरोप कोसळणार’ अशा आशयाची भाकिते वाचून ही मंडळी अस्वस्थ होतात आणि ‘तुमचे मत काय?’ असे विचारतात. मत देण्यापूर्वी नोंदी तपासाव्यात, हा अधिकोषण व्यवसायातील नियम येथेही उपयोगी पडावा.

गुरू आणि शनी यांची युती साधारणतः २० वर्षांनी एकदा होते. राजवटी आणि व्यवस्था यांच्या बदलांशी या युतीचा संबंध भारतीय, अरबी आणि युरोपीय अशा तिन्ही परंपरांतील ज्योतिर्विदांनी जोडला आहे. गेल्या चार युत्या युरोपच्या संदर्भात पाहिल्या, तर चित्र खरोखर लक्षवेधी आहे.

पहिली युती फेब्रुवारी १९६१ मध्ये मकर राशीत झाली. त्याच वर्षी ९ जुलै रोजी अथेन्स येथे ग्रीस आणि युरोपीय आर्थिक समुदाय यांच्यात सहयोग-करार झाला, ऑगस्टमध्ये ब्रिटनने समुदायात प्रवेशासाठी प्रथमच अर्ज केला आणि त्याच महिन्यात बर्लिनची भिंत उभी राहू लागली. दुसऱ्या युतीचा पहिला संयोग ३१ डिसेंबर १९८० रोजी कन्येत झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९८१ रोजी, ग्रीस समुदायाचा पूर्ण सदस्य झाला. टॉलेमीने ग्रीसला कन्या राशी दिली होती, हे येथे स्मरावे. तिसरी युती २८ मे २००० रोजी मेषेत झाली. पुढच्याच महिन्यात ग्रीसच्या युरो-प्रवेशाला युरोपीय नेत्यांनी संमती दिली. चौथी युती २१ डिसेंबर २०२० रोजी मकरेत झाली. त्या संध्याकाळी पश्चिम क्षितिजावर दोन्ही ग्रह इतके निकट दिसत होते की, त्यांच्यातील अंतर एका अंशाच्या दशांशाएवढेच होते. तीनच दिवसांनी, २४ डिसेंबरला, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापार-करार ठरला आणि वर्षअखेरीस ब्रिटन एकल बाजारपेठेतून बाहेर पडला. कोरोनाच्या संकटातून सावरण्यासाठी सदस्य राष्ट्रांनी मिळून ७५० अब्ज युरोंचे कर्ज उभारण्याची योजनाही त्याच वर्षातली.

शनीच्या भ्रमणाचा पडताळाही असाच बोलका आहे. शनी ९ सप्टेंबर २००९ रोजी कन्येत आला. ऑक्टोबरमध्ये ग्रीसमध्ये सत्तांतर झाले आणि आधी जाहीर केलेल्या तुटीच्या सुमारे दुप्पट तूट प्रत्यक्षात असल्याचे नव्या सरकारने सांगितले. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले साहाय्य मंजूर झाले. पुढे वक्री होऊन शनी मे ते ऑगस्ट २०१२ या काळात पुन्हा कन्येत राहिला. नेमक्या त्याच महिन्यांत ग्रीसमध्ये लागोपाठ दोन निवडणुका झाल्या, स्पेनच्या बँकांना मदत मागावी लागली आणि युरो वाचविण्यासाठी जे करावे लागेल ते करू, असे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांना २६ जुलै रोजी जाहीर करावे लागले.

येथवरचा भाग ही केवळ जमा बाजू झाली. नावे बाजू न लिहिता खाते बंद करणारा कारकून कोणत्याही शाखेत टिकत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये जगभरचा पतपुरवठा गोठला, तेव्हा गुरु-शनी युती नव्हती. जून २०१५ मध्ये ग्रीसमधील बँका बंद ठेवाव्या लागल्या आणि खातेदाराला दिवसाला फक्त ६० युरो काढता येत होते. त्या वेळी शनी वृश्चिकेत होता. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हाही तो वृश्चिकेतच होता. कन्येतील शनी ग्रीसला बाधला असे म्हणावे, तर त्याच काळात, नोव्हेंबर २०१० मध्ये आयर्लंडला आणि मे २०११ मध्ये पोर्तुगालला साहाय्य घ्यावे लागले. त्यांची राशी कन्या नाही. शिवाय टॉलेमीच्या सायन पद्धतीने पाहिले, तर शनी ऑक्टोबर २००९ मध्येच कन्या सोडून तुळेत गेलेला होता. एक गणित एका पद्धतीने जुळते आणि दुसऱ्या पद्धतीने सुटते, तेव्हा अभ्यासकाने आवाज खाली ठेवलेला बरा.

आता हिशेबाकडे वळू. फेब्रुवारी १९९२ मध्ये स्वाक्षरी झालेल्या मास्ट्रिख्ट करारानुसार वार्षिक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आणि एकूण कर्ज ६० टक्क्यांच्या आसपास असावे, असे ठरले होते. ग्रीसने प्रवेशाच्या वेळी दाखविलेली तूट खरी नव्हती, हे २००४ मध्येच उघड झाले होते. तरीही पुढची पाच वर्षे ग्रीसला जवळजवळ जर्मनीच्या दराने कर्ज मिळत राहिले, कारण कर्ज देणाऱ्यांनी ऋणकोची पत पाहिली नाही, चलनाचे नाव पाहिले. चलन एक आणि तिजोऱ्या अनेक, ही या व्यवस्थेतील मूळ उणीव. स्वतःचे चलन असते तर त्याचे अवमूल्यन करून निर्यात सावरता आली असती. तो मार्ग बंद असल्याने वेतन, निवृत्तिवेतन आणि सरकारी खर्च यांनाच कात्री लागली. यापैकी एकही गोष्ट शनीने केलेली नाही. शाखेत तपासणी अधिकारी येतो, तो कर्ज थकवीत नाही. थकलेले कर्ज उघड करतो. शनीचे काम याहून वेगळे मानण्याचे कारण मला दिसत नाही. ग्रह सूचक आहेत, कारक नव्हेत, हे आपल्याकडील अनेक ज्योतिर्विदांनीही मानले आहे.

याचा पुरावा संकटानंतरच्या वर्षांत मिळतो. आयर्लंड डिसेंबर २०१३ मध्ये आणि पोर्तुगाल मे २०१४ मध्ये साहाय्य-योजनेतून बाहेर पडला. २०२३ मध्ये पोर्तुगालचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १०० टक्क्यांखाली आले. ग्रीस ऑगस्ट २०१८ मध्ये मोकळा झाला. २०२० मध्ये २०० टक्क्यांवर गेलेले त्याचे कर्ज २०२४ अखेरीस सुमारे १५४ टक्क्यांपर्यंत उतरले. याउलट फ्रान्सचे कर्ज २०२४ अखेरीस सुमारे ११३ टक्क्यांवर पोहोचले. अंदाजपत्रकावरून डिसेंबर २०२४ मध्ये मिशेल बार्निए यांचे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रांस्वा बायरू यांचे सरकार पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या १० वर्षांच्या रोख्यांवरील व्याजदर ग्रीसच्या दराला येऊन भिडला, हे पंधरा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर हसण्यावारी गेले असते. आकाश सर्वांना एकच होते. फरक पडला तो वह्यांत.

शनी २९ मार्च २०२५ रोजी मीनेत आला. त्याच्या आठ-दहा दिवस आधी जर्मनीने राज्यघटनेतील कर्जमर्यादा सैल केली आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मान्य केला. जर्मनीचे कर्ज तोवर ६२ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे हा ऋणको सक्षम आहे. कर्ज रेल्वे आणि पूल यांत जाते की नित्याच्या खर्चात मुरते, एवढेच पाहायचे. एप्रिल २०२७ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षांची निवडणूक अपेक्षित आहे आणि जूनमध्ये शनी मेषेत, म्हणजे आपल्या नीच राशीत प्रवेश करील. हा काळ परीक्षेचा म्हणून मी टिपून ठेवला आहे. ‘कोसळण्याचा’ म्हणून नव्हे. पुढील गुरु-शनी युती २०४० च्या अखेरीस, पुन्हा कन्या राशीत होईल.

ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी भाकितावरून त्यांचे शिक्षण थांबवू नये किंवा घाईने ठेवी मोडू नयेत. येत्या वर्षाच्या शुल्काची रक्कम टप्प्याटप्प्याने युरोत घ्यावी, म्हणजे दरातील चढउताराचा एकदम फटका बसत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मुलाच्या भावी पगारावर न बेतता आजच्या घरच्या उत्पन्नातून झेपेल एवढाच असावा. व्यापारी बंधूंनी युरोतील येणे आणि युरोतील देणे यांचा दर महिन्याला मेळ घालावा. ज्याची वही स्वच्छ आहे, त्याला तपासणीची तारीख ठाऊक असली काय आणि नसली काय, फारसा फरक पडत नाही.