गैरसोयीचं कलम

रोज सकाळी चहाबरोबर मी ई-मेल उघडतो आणि रोज सकाळी कोट्यधीश होतो. बोरिवलीत अडीच खोल्यांत राहणाऱ्या माणसाला परदेशी लॉटरी आणि टकलावर केस उगवण्याची हमी सात वाजायच्या आत मिळते. परवा 'आपलं खातं बंद होत आहे' असं एका बँकेचं पत्र आलं. सही मॅनेजरची, पत्ता भलत्याचाच. मी घाबरून पासबुक शोधू लागलो. "अहो, पण त्या बँकेत आपलं खातं आहेच कुठं?" हिनं विचारलं, म्हणून वाचलो.

अशा भामट्यांसाठी कायदा होता बरं का! माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम ६६अ आलं. पाठवणारा कोण, याबद्दल फसवणारी ई-मेल धाडली तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कलमात 'त्रास' आणि 'गैरसोय' हेही गुन्हे. आता त्रास म्हणजे काय? आमच्या खालच्या मजल्यावरच्या अण्णांना माझं खोकणंसुद्धा त्रासदायक वाटतं!

व्हायचं तेच झालं. लॉटरीवाले मला लिहीतच राहिले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये, विरारच्याही पुढं, पालघरला दोन मुलींना अटक झाली. एकीनं मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या 'लाइक' केल्या. लावलेल्या कलमांत ६६अ होतंच. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं. या शब्दांना मापच नाही, त्यांत कुणीही सापडेल, म्हणून. उत्तम केलं.

"मग भामट्यांनाही भाषणस्वातंत्र्य?" असं कुणी विचारील. मुळीच नाही! मुंबईच्या टेलिफोन निगमविरुद्ध टाटा प्रेसच्या खटल्यात १९९५ सालीच न्यायालयानं सांगितलं की जाहिरात हेही भाषणच, पण फसव्या जाहिरातीला ते संरक्षण नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा असाच कायदा २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढला. का? तर खोट्या नावानं माल खपवणाऱ्याबरोबर निनावी मत मांडणाराही त्यात अडकत होता.

म्हणजे कायदा हवाच, पण नेमका. विकायला आलास आणि नाव खोटं सांगितलंस, तर धरू. बाकीच्यांनी खुशाल त्रास द्यावा. ढेकूण मारायला गादी जाळायची नसते.

हे सगळं मी जिन्यात अण्णांना ऐकवलं.

"तुमचं हे बोलणंही त्रासदायक आहे," अण्णा म्हणाले.

म्हटलं, "असू द्या. २०१५ पासून त्याला तुरुंग नाही."